विचारा जरूर, पण कॉलर सोडा

या पानावर आपण सगळे छान छान आठवणी लिहितो. वर्कशॉपचा भोंगा, मीटरगेजची मिरज गाडी, संध्याकाळचं गिरमिट आणि मिरची भजी, ओळीनं लागलेल्या क्वार्टर्स. मलाही तेच लिहायला आवडतं. पण आज थोडं कडू लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. कुणाला राग आला तर येऊ दे. मी १९७९ साली मिरजेहून लग्न होऊन या केशवापुरात आले, तेव्हापासून इथंच आहे. घरच्यांना घरचं बोलायला मला कुणाची परवानगी नको.

मुद्दा आधीच सांगते. आपल्या गल्लीसमोरच्या मोकळ्या जागेत कुणी अनोळखी माणूस काहीतरी करताना दिसला, तर त्याला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. त्याला धरण्याचा, त्याची पिशवी उलटी करण्याचा, त्याचा मोबाईल काढून घेण्याचा आणि त्याचा व्हिडिओ करून "टोळी सापडली" म्हणून गावभर फिरवण्याचा हक्क आपल्याला नाही. एवढं साधं आहे, पण गेल्या पावसाळ्यानंतर मला खात्री वाटेनाशी झालीय की हे आपल्या लोकांना कळतं.

झालं असं. शेजारच्या सुनेचं मंगळसूत्र महापालिकेच्या मैदानात सकाळी फिरताना तुटलं. एक वाटी आणि बरेचसे मणी तिथंच मिळाले, दुसरी वाटी गवतात गेली. पावसाचं गवत, गुडघाभर. दोन दिवस आम्ही बायकांनी वाकून वाकून बघितलं. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडं ते धातू शोधायचं मशीन आहे, पाच-सहा हजारांचं, ऑनलाइन मागवलेलं. एक दांडा, खाली थाळीसारखी चकती, कानाला हेडफोन. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलं होतं. तो म्हणाला, "मोठी काकू, मी बघतो की." हरवल्याची तक्रार पोलिसांत दिलेली होती, तिची पोच मोबाईलमध्ये होती. मैदानाच्या वॉचमनला सांगून पोरगं कामाला लागलं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार-पाच जण आले. समोरच्या बिल्डिंगमधले, सगळे चांगल्या घरातले, पेन्शनर आणि नोकरदार. त्यातले तिघं आपले मराठीच, हे मुद्दाम लिहिते. पहिला प्रश्न कन्नडमध्ये, "एन हुडकाक हत्तीरी?" काय शोधतोयस? हा प्रश्न योग्यच होता. पोरानं सांगितलं, "अंकल, मंगळसूत्राची वाटी हुडकालोय, अमुक घरच्या वहिनींची." तिथं दोन मिनिटांत त्या घरी फोन लावता आला असता. वॉचमनला हाक मारता आली असती. ते कुणी केलं नाही. दुसरा प्रश्न आला, "तू कुठला?" तिसरा आला, "तुझ्याबरोबर अजून किती जण आहेत?" आणि चौथ्याला हात पिशवीत गेला.

पिशवीत काय निघालं? सोड्याची बुचं, गंजलेले खिळे, गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी कागदं, एक तुटकी किल्ली आणि ॲल्युमिनियमची नागमोडी कडेची दहा पैशांची दोन नाणी. सत्तरच्या दशकात आपण ती मुठीत घट्ट धरून दुकानात जायचो. ती नाणी बघून एक गृहस्थ म्हणाले, "बघा, जुनी नाणी काढतोय." मग मोबाईल काढून घेतला, दंडाला धरून कट्ट्यावर बसवलं. दीड तास. बावीस वर्षांचं पोर, डोळ्यांत पाणी, आणि भोवती कॅमेरे धरलेले लोक. शेवटी पोलीस आले, त्यांनी आधारकार्ड बघितलं, तक्रारीची पोच बघितली, शेजारच्या सुनेला बोलावून विचारलं, आणि दहा मिनिटांत सोडून दिलं. जे दहा मिनिटांत झालं ते दीड तास आधी का झालं नाही, हा माझा प्रश्न आहे.

पण खरी गंमत पुढं आहे. व्हिडिओ रात्रीपर्यंत चार बिल्डिंगच्या ग्रुपांवर गेला होता. कुणीतरी वर लिहिलं होतं, "केशवापुरात निधी शोधणारी टोळी." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानात गेलो तर सात ताजे खड्डे. ढेकळं बाहेर फेकलेली, गवत उपटलेलं. म्हणजे रात्री टॉर्च घेऊन लोक येऊन गेले. ज्या जागेत एक पोरगं बोटभर माती उकरून पुन्हा दाबून ठेवत होतं, तिथं गावानं कुदळ चालवली. वाटी मिळाली नाही, आता मिळणारही नाही. त्या सुनेनं नवी वाटी करून घेतली. पण ती हरवलेली वाटी तिच्या आईनं दिलेली होती, आणि आई गेल्या वर्षी गेली.

हे काही आपल्याच गावाचं वेड नाही, हेही सांगते. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला. त्यात बुऱ्हाणपूर म्हणजे मुघलांचा खजिना असं दाखवलं होतं. पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड गावात लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत बसले होते. सगळ्या टीव्हीवर आलं. त्याआधी २०१३ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेड्यात एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं, तर खुद्द पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं खणायला गेली. सोनं निघालं नाही. सोन्याचं नाव निघालं की शिकलेली माणसंही वेडी होतात. मग आपल्या मैदानातल्या पेन्शनरांना मी एकट्याला का दोष द्यावा? कारण त्यांनी रात्रीच्या खड्ड्यांना चोरी म्हटलं नाही, आणि दिवसाढवळ्या शोधणाऱ्या पोराला म्हटलं.

आता दुसरी बाजू. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. निधी शोधणाऱ्यांनी या भागात काय नासधूस केलीय ते आपल्या पिढीनं बघितलंय. जुलै २०१९ मध्ये गंगावतीजवळ आनेगुंदीला, तुंगभद्रेतल्या बेटावर, नवबृंदावनात व्यासराजांचं बृंदावन चोरट्यांनी फोडलं, आत सोनं असेल म्हणून. ज्यांच्या घरी ती परंपरा आहे त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. लोक धावले, दगड पुन्हा जोडले, काही दिवसांत बृंदावन उभं केलं, चोर पकडले गेले. पण जखम राहिलीच. आपल्या उत्तर कर्नाटकात पडकी देवळं कमी नाहीत, आणि कित्येक ठिकाणी नंदीखाली, गाभाऱ्यात, वीरगळाच्या बुडाशी खड्डा दिसतो. दगडाचं काय झालं याची खणणाऱ्याला पर्वा नसते.

आणि गुप्तधन म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो तो उगाच नाही. परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवा. १९७२ ते १९७४. आमच्या माहेरी तेव्हा संध्याकाळनंतर मुलींना अंगणात सोडत नसत. धनाच्या लोभानं कोवळ्या पोरींचे जीव घेतले गेले. म्हणून तर महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि कर्नाटकातही २०१७ चा कायदा २०२० पासून लागू झाला. तेव्हा कुणी म्हणालं की "जमिनीत शोधणारा माणूस दिसला की आम्हाला भीती वाटते", तर त्या भीतीला मी हसणार नाही. भीती खरी आहे.

पण भीती वाटणं ही एक गोष्ट आणि त्या भीतीला हातपाय फुटू देणं ही दुसरी. निधीचोर कसा येतो? रात्री येतो, देवळात येतो, गाडी लांब लावून येतो, कुदळ-पहार घेऊन येतो, आणि कुणी विचारलं की पळतो. आमचा पोरगा संध्याकाळी पाच वाजता, पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत, महापालिकेच्या मैदानात, वॉचमनला सांगून, हातात बागेतलं खुरपं घेऊन होता. विचारल्यावर उत्तर देत होता. चोर कसा दिसतो ते ओळखायला फार अक्कल लागत नाही, जरा बघावं मात्र लागतं. आपण मशीन बघितलं, माणूस बघितला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण त्या दिवशी मैदानात "कायदा, कायदा" असा घोष बराच झाला, आणि कुणालाच तो ठाऊक नव्हता. मी नंतर ओळखीच्या एका वकिलांकडून समजून घेतला.

जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर काय करायचं, याचा इंग्रजांचा कायदा १८७८ चा. कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा. दोन्हींचं सूत्र एकच: सापडलेलं मौल्यवान काही दडवायचं नाही, जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. दडवलं तर गुन्हा. १८७८ च्या कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तरी कळवावं लागतं. दुसरं, संरक्षित स्मारकं. आपल्या उणकलचं चंद्रमौळेश्वराचं देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. अशा ठिकाणी परवान्याशिवाय खणता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनं स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढं आणखी २०० मीटरवर बंधनं आहेत. तेव्हा उणकलच्या देवळाजवळ कुणी मशीन घेऊन दिसला तर ताबडतोब पोलिसांना फोन करा, मीही करीन. तिसरं, रेल्वेची जागा. आपल्या केशवापुरात "मोकळी जागा" म्हणून आपण जिथं पोरं खेळवली, त्यातली निम्मी रेल्वेची होती. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हाच १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, मशीन असो वा नसो.

आणि हरवलेली वस्तू? तिला मालक आहे, ती निधी नाही. मालक माहीत असून किंवा शोधता येत असूनही ती खिशात घातली तर गुन्हा होतो. मालकिणीच्या सांगण्यावरून शोधणं हा गुन्हा नव्हे. हा फरक कट्ट्यावरच्या एकाही माणसानं विचारात घेतला नाही.

आता धरून ठेवण्याबद्दल. साध्या नागरिकाला दुसऱ्याला अटक करता येते, हे खरं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये ते आहे. पण कधी? त्यानं आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर, किंवा तो घोषित गुन्हेगार असला तर. आणि मग विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. गवतात वाटी शोधणं यात कुठं बसतं ते मला सांगा. उलट कुणाची वाट अन्यायानं अडवणं आणि कोंडून ठेवणं हे न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हे आहेत. म्हणजे त्या संध्याकाळी मैदानात गुन्हा झाला असेल तर तो कट्ट्यावर बसलेल्या पोरानं केला नव्हता. जावेनं तक्रार केली नाही, कारण रोज तोंडं बघायची आहेत. तिचा मोठेपणा. म्हणून गुन्हा नव्हता असं होत नाही.

"वहिनी, एवढं काय, पोराला मारलं तर नाही ना?" असं मला दोघांनी विचारलं. मंडळी, ह्या वाक्यासाठीच मी आज लिहायला बसले.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मोबाईलवर अफवा होती. पाचही जणांना लोकांनी मारून टाकलं. त्याच महिन्यात १३ तारखेला आपल्याच कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात मुर्कीला, हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर मित्रांबरोबर आला होता. त्यांनी मुलांना चॉकलेट दिलं. व्हिडिओ पुढच्या गावी गाडीच्या आधी पोचला. तो तरुण मेला. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं झुंडशाहीवर सगळ्या राज्यांना आदेश दिले. आणि आता न्याय संहितेच्या १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप आहे. कायद्यात "भाषा" हा शब्द आहे, "जन्मस्थान" हा शब्द आहे. म्हणजे "तू कुठला?" हा प्रश्न कुठवर जाऊ शकतो ते कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं.

राईनपाड्यातली आणि मुर्कीतली सगळी माणसं घरातून खून करायला निघाली नव्हती. त्यांनीही आधी विचारलंच असेल. मग घेरलं, मग धरलं, मग व्हिडिओ केला. आपल्या मैदानात पहिल्या तीन पायऱ्या झाल्या आणि व्हिडिओही झाला. पुढची पायरी आली नाही, कारण पोलीस वेळेवर आले आणि पोरगं ओळखीच्या घरातलं निघालं. ओळखीचं निघालं नसतं तर? समजा तो बिहारकडचा मजूर असता आणि त्याला ना मराठी येत असती ना कन्नड. समजा भंगार वेचणारा असता, ज्याच्या पिशवीत खरंच लोखंड असतं. त्याच्यासाठी कुठल्या काकूनं पोस्ट लिहिली असती?

आणि मंडळी, "तू कुठला?" हा प्रश्न आपण विचारावा? आपण?

आपली घरं इथं कशी आली ते आठवा. सदर्न मराठा रेल्वे आली, १८८० च्या दशकात हुबळीत वर्कशॉप झालं, आणि साताऱ्याहून, मिरजेहून, कोल्हापुराकडून फिटर, क्लार्क, गार्ड, मास्तर आले. माझे आजेसासरे त्यातलेच. तेव्हा हे सगळं मुंबई इलाख्यात. मग १ नोव्हेंबर १९५६. घर तेच, नळ तोच, शाळा तीच, आणि रातोरात राज्य म्हैसूर झालं. १९७३ ला कर्नाटक झालं. रेल्वेचीही पाटी बदलत गेली, आधी मद्रास अँड सदर्न मराठा, मग सदर्न, मग साउथ सेंट्रल, आणि २००३ पासून साउथ वेस्टर्न, तिचं मुख्यालय तर हुबळीतच. हुबळीची सरकारी पाटी २०१४ ला हुब्बळ्ळी झाली. आपण जागचे हललो नाही, आणि तरी कितीदा आपल्याला कुणी विचारलं असेल, "निम्म ऊरु याऊद्री?" तुमचं गाव कुठलं? सासूबाई सांगायच्या, त्या ठणकावून म्हणायच्या, "इदे नम्म ऊरु." हेच आमचं गाव. बहुतेक वेळा विचारणाऱ्यांनी हसून ते मान्य केलं. शेजाऱ्यांनी चटणी-भाकरी दिली, आपण पुरणपोळी दिली. आज ज्या लोकांत आपण निवांत म्हातारे झालो, त्यांनी आपली कॉलर धरली नाही म्हणून झालो.

मोकळी जागा कुणाची या प्रश्नानं या गावाला काय दाखवलंय, ते १९९४ च्या ऑगस्टमधली संचारबंदी आठवणाऱ्यांना सांगायला नको. त्यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही. एवढंच, की मैदानावर आपला हक्क सांगताना आवाज जरा खाली ठेवायला या गावानं तरी शिकायला पाहिजे होतं.

महापालिकेचं मैदान म्हणजे समोरच्या बिल्डिंगचं अंगण नव्हे. आपण तिथं रोज फिरतो, झाडांना पाणी घालतो, फटाक्यांचा कचरा उचलतो, म्हणून आपुलकी वाटते, ती वाटावीच. पण आपुलकीचा सातबारा होत नाही. तिथं क्रिकेट खेळणारी पोरं, दुपारी सावलीत झोपणारा रिक्षावाला, शेळी चारणारी म्हातारी आणि हरवलेली वाटी शोधणारा पोरगा, यांचा हक्क तुमच्या-माझ्याएवढाच. त्यातलं कुणी चुकलं तर त्याला सांगायला महापालिका आहे, पोलीस आहेत.

आता मशीन घेऊन हिंडणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द, नाहीतर म्हणाल काकू एकतर्फी बोलते. हल्ली व्हिडिओ बघून बरीच पोरं असली मशीनं घेतात. इंग्लंडात हा मोठा छंद आहे, आपल्यापैकी ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांना माहीत असेल. पण तिकडं शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय कुणी चकती टेकवत नाही. १९९६ च्या कायद्याप्रमाणं खजिना सापडला तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. शिवाय १९९७ पासून साध्या साध्या सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी सरकारी योजना आहे, तिच्यात दहा लाखांच्या वर वस्तू नोंदल्या गेल्यात. स्टॅफर्डशरला २००९ मध्ये एका माणसाला शेतात सोन्याचा मोठा साठा सापडला. त्यानं कळवलं, बक्षीस त्याला आणि शेतमालकाला निम्मं निम्मं मिळालं, आणि सोनं संग्रहालयात गेलं. आपल्याकडं अशी नोंदीची सोय नाही, म्हणून जबाबदारी जास्त. देवळाजवळ, किल्ल्यात, जुन्या टेकाडावर, तळ्याच्या जुन्या बांधावर मशीन नेऊच नका. शोधायचं तर हरवलेलं शोधा, ज्याला मालक आहे ते. मालकाला बरोबर उभं करा. वॉचमनला, वॉर्डातल्या माणसाला आधी सांगा. खड्डा बोटभर, आणि लगेच बुजवा. बुचं, खिळे तिथंच टाकू नका, घरी न्या. कुणी विचारलं तर हेडफोन काढा, उभे राहा, नीट उत्तर द्या. समोरचा वयानं मोठा असेल तर आवाज चढवू नका. आणि जमाव वाढला तर वाद घालू नका, ११२ लावा. तुम्ही बरोबर असलात तरी पाच माणसांसमोर एकटे बरोबर असण्याचा उपयोग नसतो.

आणि आपण, कट्ट्यावरचे? आपणही एवढंच करायचं. लांबून नको, जवळ जाऊन, एकट्यानं किंवा दोघांनी, नाव सांगून विचारायचं. उत्तर पटलं नाही तर त्यानं ज्याचं नाव घेतलं त्याला फोन लावायचा. तरी शंका राहिली तर पोलिसांना कळवायचं आणि लांब उभं राहून बघायचं. त्याच्या अंगाला, पिशवीला, मोबाईलला हात लावायचा नाही. व्हिडिओ करायचाच असेल तर तो पोलिसांना द्यायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ परत घेता येत नाही. आमच्या पोराचा तो दीड तास अजून कुठल्या कुठल्या मोबाईलमध्ये फिरतोय. परवा धारवाडच्या नातेवाईकांनी जावेला फोन करून विचारलं, "अहो, तुमचा मुलगा कसल्या भानगडीत सापडला म्हणे?"

पोरगं आता मैदानात जात नाही. मशीन माळ्यावर टाकलंय. कॉलेज, घर, अभ्यास. जाऊ आत्ता परवापर्यंत म्हणत होती, आपला मुलगा चार माणसांच्या उपयोगी पडतो. आता म्हणते, "बाई, कुणाचं काही हरवलं तर त्यांनीच बघावं." केशवापुरात जी माणुसकी तीन पिढ्यांनी साठवली, ती अशीच एकेका घरातून कमी होते, आणि ती कुठल्या मशीननं परत सापडत नाही.

त्या संध्याकाळी कट्ट्याजवळ असलेल्यांपैकी निदान दोघं हे वाचतील, मला माहीत आहे. तुमची नावं मी कुणाला सांगितलेली नाहीत आणि सांगणारही नाही. जावेकडं येऊन चहा घ्या. पोराशी दोन शब्द नीट बोला. व्हिडिओ ज्या ज्या ठिकाणी टाकला असेल तिथं खाली चार ओळी लिहा, की तो मुलगा आपल्याच शेजारणीची वाटी शोधत होता, आमचा गैरसमज झाला. तुमचा व्हिडिओ जितका लांब गेला तितकं हे जाणार नाही, पण जिथवर जाईल तिथवर जाऊ दे. आणि मैदानातले ते सात खड्डे अजून तसेच आहेत, संध्याकाळी खेळणाऱ्या एका पोराचा पाय त्यात मुरगळला. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काही जणी ते बुजवायला जाणार आहोत. फावडं असेल तर घेऊन या.